जोगूच्या ओठाची पारख

मार्गशीर्षातलं ऊन माणदेशाच्या माळावर उतरतं ते मानाच्या पाहुण्यासारखं. आधी टेकाच्या माथ्यावर थबकतं, मग बाभळीच्या शेंड्यावर टेकतं, आणि मग पदर सावरत खाली येऊन कुसळांच्या रानावर सोनं सांडतं. कोवळं ऊन, कोरडं ऊन, दुधावरच्या सायीच्या रंगाचं ऊन. त्या उन्हात सारा माळ असा झळाळतो की वाटावं, कुण्या देवाच्या राणीनं आपला सुवर्णकाठी शालू इथंच वाळत घातलाय.

वाटावं एवढंच. त्या शालूवर अनवाणी चालू नये. कुसळ दिसायला रेशीम, लागायला सुई. आमच्या माळाची रीतच अशी; जे झळाळतं ते टोचतं, आणि जे मऊ असतं ते काळं, मुकं, एका कोपऱ्यात बसलेलं असतं.

त्या सोन्यातून मेंढरं येतात. काळी, संथ, धूळधूसर मेंढरं. आमच्याकडं आभाळात ढग दिसतात ते वर्षाकाठी चार दिवस. जमिनीवर मात्र ते बारा महिने चालतात.

मेंढरं धनगरांची, लोकर आमची. आम्ही सनगर. मेंढीच्या पाठीवरची ऊब उतरवून माणसाच्या पाठीवर घालायची, हे आमचं पिढीजात काम. पावसानं भिजवू नये, थंडीनं शिवू नये, विंचवानं काठ ओलांडू नये, अशी घोंगडी. देवाच्या घटाखाली आमची घोंगडी, मेंढक्याच्या खांद्यावर आमची घोंगडी, म्हाताऱ्याच्या शेवटच्या हिवाळ्यावर आमची घोंगडी.

आणि आमची म्हणजे माझी. चांगुणाची. शाळेत मी दोन इयत्ता गेले आणि मागावर साठ वर्षं बसले. त्यातली कुठली विद्या कामी आली ते माझ्या दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारा. साठ वर्षांत माझ्या घोंगडीला कुणी बोट लावून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ते बोट त्याच्यासोबत परत गेलं नसतं.

या घरात, मागाच्या डाव्या अंगाला, जिथं सकाळचं ऊन चौकटीतून चौकोनी होऊन पडतं, तिथं जोगू बसते.

जोगू माझी नात. माझ्या नवनाथची आणि वनिताची थोरली लेक. वय वर्षं सहा. देवी जोगेश्वरीचं नाव ठेवलं, आणि पोरीनं देवीचा गुणही उचलला. बोलायचं नाही, बघून घ्यायचं.

हरिणाक्षी माझी जोगू, पण ते हरिणडोळे तुमच्या डोळ्यांना भिडायचे नाहीत. तुमच्या कानाच्या पाळीपाशी, खांद्याच्या कडेशी, कुठंतरी पाखरासारखे टेकून उडायचे. कान इतके जागे, की कुकरची शिट्टी झाली की घरावर वीज पडल्यागत दोन्ही तळव्यांनी कान झाकून कोपऱ्यात शिरायची. कातडी इतकी हळवी, की झग्याची आतली शिवण टोचते म्हणून झगा उलटा घालायची. वेणीला कुणी हात लावला तर अख्खी आळी गोळा होईल अशी किंकाळी. कडेवर नाही, कुशीत नाही, मांडीवर नाही. चालणं चवड्यांवर, जणू जमीन झोपलीय आणि तिला जागं करायचं नाही.

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर स्वमग्न आहे. रोग नव्हे, घडणच निराळी. आपल्याला जग जेवढं ऐकू येतं, जेवढं लागतं, त्याच्या दसपट हिला लागतं. मी म्हटलं, बाई, स्वतःत मग्न असणाऱ्याला पोथीत ऋषी म्हणतात आणि गावात येडं म्हणतात, मग पोथी खरी धरू की गाव? बाई हसल्या.

गाव हसलं नाही. गाव बोललं. माळापेक्षा जास्त कुसळं गावाच्या जिभेला.

एक खेळ होता तिचा. लोकरीच्या ढिगातून एक पुंजका उचलायचा आणि वरच्या ओठावरून फिरवायचा. नाकाखाली, जिथं माणसाची कातडी फुलाच्या पाकळीइतकी पातळ असते, तिथं. मऊ लागला तर डोळे मिटायची, आणि गळ्यातून एक बारीक, घुमणारा, मधमाशीच्या पंखांसारखा सूर निघायचा, ऊंऽऽ, ऊंऽऽ. खरखरीत लागला तर पुंजका लांब भिरकावून ओठ पुसायची.

मी बघायची. बघायची आणि म्हणायची, खेळतंय लेकरू. साठ वर्षांची पारखी मी, आणि माझ्या डाव्या हाताला कोण बसलंय ते मला कळलं नाही.

श्रावणात रेवण आला. गोरापान, गोलमुखी, काळ्याभोर जावळाचा. आढ्याला पाळणा टांगला, दारावर लिंबाचा डहाळा लागला, आणि आया-बाया येऊन पाळण्यात डोकावू लागल्या.

जोगू डोकावली नाही. ती आली, पाळण्याखाली भिंतीकडं तोंड करून बसली. पाळणा जायचा, पाळणा यायचा. पाळण्याची सावली तिच्या पाठीवरून जायची, तिच्या पाठीवरून यायची. लोक म्हणाले, भावाकडं ढुंकून बघत नाही. मी म्हटलं, नीट बघा. तोंड भिंतीकडं होतं, पण पाठ पाळण्याकडं होती. आणि ती पाठच कान झाली होती, ती पाठच डोळा झाली होती.

पाळण्याच्या झोक्याला झोका मिळवून ती घुमायची, ऊंऽऽ. तीन महिन्यांचा झाला तसा पाळण्यातून उलट सूर यायला लागला. ऊंऽऽ. वरून एक, खालून एक. शब्द नाही, नजर नाही, स्पर्श नाही. लाकडाच्या एका फळीच्या अल्याड-पल्याड दोन भावंडं एका सुरानं बांधलेली. आणि मी मागावर बसून तो सूर आडव्या बाण्यात विणत होते.

आमच्यात एक रीत आहे. कोकराची पहिली कातरण ते जावळ, आणि बाळाचे पहिले केस तेही जावळ. घरात लेकरू जन्मलं की त्या सालच्या कोकरांच्या जावळाची घोंगडी आजीनं विणायची, आणि बाळाचं जावळ निघेपर्यंत बाळानं तिच्यावरच निजायचं. मध्ये दुपटं नाही, चिंधी नाही. एकाचं जावळ दुसऱ्याच्या अंगाखाली. नवनाथ असाच वाढला. त्याचा बाप असाच वाढला.

दिवाळी सरली, कोकरं कातरली. काळोखासारखं काळं, धुरासारखं हलकं जावळ घरात आलं. सूत कातलं. चिंचोक्याची खळ शिजली, घरभर तिचा आंबूस-गोड वास दाटला, कुंच्यानं ती उभ्या ताण्याला पाजली, आणि माग बोलू लागला. खट्‌ आणि खट्‌. दोन हात लांब, दीड हात रुंद. निम्मी झाली आणि बाण्याचं सूत संपलं.

तिन्हीसांजेची वेळ. वनिता म्हणाली, आत्याबाई, दिवा आणते, कोपऱ्यात दोन पोती आहेत, बघून घेऊ. मी म्हटलं, माझ्या बोटांना डोळे आहेत, तुझा दिवा देवापाशी लाव. अंधारात हात घातला, ओंजळभर लोकर ओढली, कातली, आणि चार बोटं विणकाम करून उठले. उरलेलं सकाळी उजेडात पुरं केलं.

झळाळली हो ती घोंगडी. काळी तुकतुकीत, पिकल्या जांभळागत. आळीतल्या बायका हात फिरवून गेल्या. मी पाळण्यात अंथरली, वर रेवणला निजवलं, आणि मिशा असत्या तर पिळल्या असत्या.

चौथ्या दिवशी पोर रडायला लागलं.

रडणं म्हणजे कसं? उपाशी लेकराचं रडणं निराळं, रुसलेल्याचं निराळं. हे दुखल्या जिवाचं रडणं. पाळण्यात ठेवलं की सुरू, उचललं की थांबे. उघडं करून बघितलं तर पाठीवर मोहरीएवढे लाल ठिपके. तो वरून येणारा सूर बंद झाला. खालचा सूर मात्र थांबेना. तो चढत गेला, कापरा होत गेला, वादळातल्या तारेसारखा.

आणि मग भर दुपारी, दुधासारख्या लख्ख उजेडात, वनिताच्या आईनं ते पाहिलं. नातवाला बघायला आलेल्या आमच्या विहीणबाई. जोगू पाळण्याच्या कडेला उभी होती. पहिल्यांदाच उभी होती. तिचा हात रेवणच्या अंगाखाली होता, दोन बोटं चिमटीसारखी मिटली होती, आणि रेवण किंचाळत होता.

मग काय, चिमटे काढते पोरगी, असं ठरलं. दहा मिनिटांत आळीत ठरलं, तासाभरात गावात ठरलं. भावाचा मत्सर. येड्या डोक्याचा राग. विहीणबाई म्हणाल्या, आज चिमटा, उद्या उशी. हणमंतानं, म्हणजे वनिताच्या भावानं, कऱ्हाडकडच्या एका वसतिशाळेची चौकशी केली. अशी मुलं तिथं ठेवून घेतात, सणाला घरी सोडतात. रेवणचं जावळ माघात होतं. जावळ झालं की त्याच जीपमधून जोगूला न्यायचं ठरलं.

आणि मी? मी काय म्हणाले ते सांगते, कारण दुसऱ्याचं सांगताना माझी जीभ सुरीसारखी चालते, तर माझ्या वेळेला ती बोथट का व्हावी.

वनिता माझ्या पुढ्यात आली. ती सून मोठ्यानं बोलणारी नव्हे. खाली बघून म्हणाली, "आत्याबाई, ती चिमटा काढत नाही. ती घोंगडीतनं कायतरी वेचते."

माझ्या घोंगडीतनं. वेचण्यासारखं. साठ वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं, आणि सुनेनं सरळ हात घातला. मी म्हटलं, लेकीची बाजू घेण्यासाठी सासूचा माग नासका ठरवू नकोस. तिनं मध्ये अंथरलेलं जुन्या लुगड्याचं दुपटंही मी ओढून काढलं. रीत म्हणजे रीत.

पाळणा मी आतल्या खोलीत नेला आणि दाराला कडी घातली. ती कडी घालणारा हात हाच. तो मी पदराखाली लपवणार नाही.

तेव्हापासून जोगू त्या बंद दाराशी. कपाळ फळीला टेकलेलं, डोळे मिटलेले, आणि तो सूर, ऊंऽऽ, लाकडात मुरणारा, लाकडातून झिरपणारा. आत पोर रडायचं. बाहेर पोर घुमायचं. दाराखाली दोन बोटांची फट होती. त्या फटीतून ती लोकरीचे पुंजके आत सरकवायची. एक, मग एक, मग एक. रोज सकाळी मी दार उघडलं की उंबऱ्याच्या आत काळ्या फुलांची रांग पडलेली. मी ती केरसुणीनं गोळा करून पोत्यात परत टाकायची. मऊ होते पुंजके. सगळेच्या सगळे मऊ. माझ्या हाताला ते कळत होतं, आणि मी ते मला कळू देत नव्हते. ओली झालेली घोंगडी रोज दुपारी उन्हात टाकली की तेवढा वेळ जोगू दार सोडून तिच्यापाशी बसायची, आणि मी तिकडंही बघत नव्हते.

कडी घातली तरी रेवण रडतच होता, हे तर साऱ्या घराला ऐकू येत होतं. मग चिमटे काढतंय कोण? भिंत? मी दातांना दोष दिला, पोटाला दिला, दृष्टीला दिला. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मागाला दोष दिला नाही. अभिमान ही सुद्धा एक कडीच असते, आणि ती आतून लागते.

माघ आला. माळावरचं ऊन थोडं पिकलं, पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांना लाल चोची फुटल्या. जावळाच्या आदल्या दिवशी वनितानं जोगूची पिशवी भरली. चार झगे. चारही आधीच उलटे करून घडी घातलेले, शिवणी बाहेर. तिथल्या बायांना सांगायला कुणी नसेल म्हणून. मी ते दारातून पाहिलं. वनितानं मान वर केली नाही. ती घडी घालत होती आणि माझ्या उरात काहीतरी उसवत होतं.

जावळाचा दिवस उजाडला लख्ख. अंगणात सडा, सड्यावर रांगोळी, रांगोळीवर पाट. पाटावर हणमंता मामा बसला, त्याच्या मांडीवर जावळाची घोंगडी, घोंगडीवर उघडाबंब रेवण. समोर न्हावी. जावळ झेलायचा मान आत्याचा, पण माझ्या पोटी लेक नाही, म्हणून विहीणबाईंनी आपल्या सुनेला ओटी पसरून उभं केलं होतं. दारात जीप, जीपमध्ये पिशवी. आणि फाटकापाशी हलगी.

हलगी कडाडली. कडकड्‌ कडकड्‌, कातड्याला आग लागल्यासारखी. माझ्याही दातांत ती वाजत होती. जोगू दाराच्या चौकटीत उभी होती, दोन्ही तळवे कानांवर दाबलेले, कोपरं पंखांसारखी वर, अंग पिंपळपानासारखं थरथरत. मला वाटलं, आता ही आत पळेल, चुलीमागं शिरेल.

रेवणनं टाहो फोडला.

आणि जोगूनं कानांवरचे हात काढले.

हे मी पुन्हा सांगते, कारण अंगणातल्या पन्नास माणसांना ते दिसलं नाही. शिट्टीनं जी कोलमडते, टाळीनं जी दचकते, त्या माझ्या सहा वर्षांच्या नातीनं भर हलगीत कानांवरचे हात काढले. लढाईला जाणारा माणूस ढाल घेऊन जातो. ही ढाल टाकून निघाली. चवड्यांवर, उलट्या झग्यात, मोकळ्या कानांनी, त्या नादाच्या वणव्यातून ती सरळ चालत आली.

माणसं बाजूला झाली, मग ओरडली, धरा, धरा तिला. विहीणबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, जावळाच्या दिवशी तरी पोराला सोडा म्हणाल्या. जोगूनं कुणाकडं पाहिलं नाही. तिनं रेवणच्या पाठीखाली हात घातला, घोंगडीतून चिमटीनं काहीतरी उपटलं, आणि हात वर धरला. उन्हात एक केस चमकला. जाड, ताठ, कुसळासारखा. मग तिनं मुठीतली काडेपेटी उघडली, तो केस आत ठेवला, पेटी बंद केली, आणि पुन्हा हात घातला.

मी हलगीवाल्याला हात केला. हलगी थांबली. मी त्या पोरीपुढं गुडघे टेकून बसले. या गुडघ्यांनी देवळातही कुरकुर केलीय, तिथं केली नाही. हात पसरला. वेणीला नाही लावला, खांद्याला नाही लावला, नुसता पसरून ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग काडेपेटी माझ्या तळव्यावर आली.

आत केस होते. शेकडो. नीट एका दिशेनं रचलेले, जसा ताणा रचतात. आणि त्यात जावळाचा एकही नाही. सगळे थोराड मेंढीचे, राठ, रानटी, घोड्याच्या आयाळीसारखे. खांद्यावरच्या घोंगडीला लागतात ते. दुसऱ्या पोत्यातले.

मी रेवणला उचलून वनिताच्या हाती दिलं आणि घोंगडी उन्हात धरली. काठ नितळ. खालची बाजू नितळ. बरोबर मध्यावर चार बोटं रुंदीचा पट्टा, आणि तेवढाच पट्टा वेचून वेचून झिरझिरीत झालेला. बाकी एका धाग्याला तिनं हात लावला नव्हता. तिन्हीसांजेची ती चार बोटं. रेवणच्या पाठीवर ठिपके होते तेही तेवढेच, तिथंच, आडवे, एका पट्ट्यात. दोन महिने डोळ्यांसमोर होते.

बोटं फिरवली. काही लागलं नाही. साठ वर्षं सूत ओढून ओढून माझी बोटं शिंगासारखी झालीत. त्यांना डोळे होते कधीकाळी, आता मोतीबिंदू पडलाय. मग मी तो पट्टा उचलून वरच्या ओठाला लावला.

टोचलं. शंभर सुयांनी टोचलं. माझ्या नातवाची दोन महिन्यांची सगळी रडणी एकदम माझ्या ओठाला टोचली.

मी उठले आणि जिभेला म्हटलं, बाई, आज सरळ चाल.

"हणमंता, जीपमधनं पिशवी काढ," मी म्हणाले. "चिमटे पोरीनं काढले नाहीत. चिमटे मी विणले."

विहीणबाई काहीतरी पुटपुटल्या, की चूक कुणाचीही होते, पण पोर तर तशीच आहे ना. मी म्हटलं, "होय विहीणबाई, तशीच आहे. तुम्ही पाहिलं, मी पाहिलं, पन्नास माणसांनी पाहिलं, आणि पोराचं दुखणं कळलं ते तिला एकटीला. आता तुम्हीच सांगा, कऱ्हाडला कुणी जायचं?"

नवनाथनं पिशवी आणली. माझा नवनाथ बोलका नाही, लेकीनं ते त्याच्याकडूनच घेतलंय. पण पिशवी घरात नेताना तो असा चालला, जसं पोरगं जत्रेतून पालखी खांद्यावर घेऊन परततं.

मग मी मेंढ्यांची कातर मागवली. सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, माझ्या हातानं विणलेली घोंगडी माझ्या हातानं कापली. कर्र, कर्र. चार बोटांचा तो पट्टा काढून चुलीकडं भिरकावला. साठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या विणीला कातर लागली, आणि देवाशप्पथ सांगते, इतकं सरळ मी कधी काही कापलं नव्हतं.

उरलेल्या दोन तुकड्यांतला एक मामाच्या मांडीवर घातला, त्यावर रेवणला ठेवलं. पोर हुंदके देत देत गप्प झालं. दुसरा तुकडा मी जोगूच्या दोन्ही हातांवर पसरला. विहीणबाईंची सून ओटी आवरून बाजूला सरली, शहाणी बाई. न्हाव्याला म्हटलं, चालव हात. या घरात जावळ आज बहीण झेलेल.

पहिली बट निघाली. काळी, कुरळी, अर्धचंद्राकार. कोकराच्या जावळावर बाळाचं जावळ पडलं. काळ्यावर काळं, मऊवर मऊ, एका आईच्या लेकराचं दुसऱ्या आईच्या लेकराच्याला मिळालं. जोगूनं मान खाली घातली आणि ती बट वरच्या ओठावरून फिरवली.

डोळे मिटले.

मग ती पुढं वाकली. जी कुणाच्या कुशीत गेली नाही, जिनं कुणाला शिवू दिलं नाही, ती माझी जोगू आपल्या भावाच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्यावर वाकली, आणि तिनं आपला वरचा ओठ त्याच्या टाळूवर ठेवला. न्हाव्याचा वस्तरा हवेत राहिला. रेवणनं हात वर केला, चाचपडला, आणि तिची वेणी घट्ट मुठीत धरली.

आम्ही किंकाळीची वाट बघितली. वनितानं तर पदर तोंडात धरला होता.

ऊंऽऽ, असं खालून आलं.

ऊंऽऽ, असं वरून आलं.

आता माझ्या घरातून कुठलंही सूत मागावर चढत नाही, जोवर ते डाव्या हाताच्या चौकोनी उन्हातून जात नाही. मी पुंजका पुढं करते. ती ओठावरून फिरवते. डोळे मिटले तर बाळाच्या घोंगडीला, भिरकावला तर खांद्याच्या घोंगडीला, आणि त्यात दुसरा निवाडा नाही. लांबून गिऱ्हाइकं येतात, विचारतात, एवढी मऊ कशी काय आजी, यंत्र कुठलं आणलं? मी म्हणते, यंत्र नाही, माझी नात आहे. आणि मग मागाचा एक खट्‌ वाजवते, म्हणजे ते वाक्य त्यांच्या डोक्यात नीट बसतं.

ते दोन तुकडे मी जोडले. मध्ये पांढऱ्या सुतानं टाका घातला, ठळक, जाडजूड, लांबून दिसेलसा. बायका म्हणाल्या, काळं सूत घ्यायचं, झाकलं असतं. मी म्हटलं, झाकून कुणाचं भलं झालंय?

संध्याकाळ होते. माळावरचं सोनं विझत विझत कुसळांच्या टोकांवर येतं. मेंढरं परततात, धूळ उठते, धूळ बसते. त्या मऊ काळ्या घोंगडीवर रेवण निजलेला असतो, आणि पांढऱ्या टाक्याची वाट त्याच्या पाठीखालून निघून पाळण्याच्या कडेवर येते. कडेवरून घोंगडीचं एक टोक खाली लोंबतं. खाली भिंतीकडं तोंड करून जोगू बसलेली असते, ते टोक वरच्या ओठाशी धरून. पाळणा जातो, पाळणा येतो. सावली जाते, सावली येते. आणि अंधार माळावरून हलक्या पावलांनी आत येतो, चवड्यांवर, कुणाला जाग येऊ नये असा.